रस्त्यावरचं संगीत : शेजाऱ्यांचं भांडण आणि शेजाऱ्यांचा मेळ

चौकात किंवा स्टेशनच्या बोगद्यात कुणी वाजवत बसलं, तर त्याला तिथं बसू द्यावं की हाकलावं, यावर माणसं निदान दीडशे वर्षं भांडत आली आहेत. हा सगळा वाद चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सूर कितपत चांगला आहे, यापेक्षा तिथं राहणाऱ्यांना त्या संगीतात काही वाटा आहे का, यावरच त्याचं जगणं-मरणं ठरलेलं आहे.

मध्ययुगापासून इंग्लंडमधली अनेक शहरं स्वतःचे वादक पदरी ठेवत. त्यांना ‘वेट्स’ म्हणत. मिरवणुकीत, पाहुण्यांच्या स्वागताला ते वाजवत आणि शहर त्यांना पगार देई. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने ही पदं संपली. लंडन तोवर अफाट वाढलं होतं आणि रस्त्यावर दिसत होते ते पोटासाठी हिंडणारे कलाकार : बॅरल ऑर्गनचा (दांडा फिरवला की आपोआप सूर काढणाऱ्या पेटीचा) दांडा फिरवणारे इटालियन, जर्मनीहून आलेले ब्रास बँडवाले. परके, गरीब आणि कुणाचाच आधार नसलेले.

यंत्राकडून आकडेमोड करून घेण्याचा ध्यास घेतलेले गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांना या वादकांनी हैराण केलं. त्यांनी तक्रारी केल्या, पोलीस बोलावले, खटले चालवले. त्यावर शेजाऱ्यांनी मुद्दाम वादक बोलावून त्यांना आणखी छळलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. खासदार मायकेल बॅस यांनी हा प्रश्न संसदेत नेला. चार्ल्स डिकन्स यांच्यासारख्या लेखकांनी त्यांना साथ दिली आणि १८६४ मध्ये कायदा झाला. घरात आजारी माणूस आहे किंवा कामात व्यत्यय येतो, असं कारण देऊन घरमालक वादकाला निघून जायला सांगू शकत होता. ऐकलं नाही तर ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा ३ दिवसांपर्यंत कैद.

बॅबेज यांचा त्रास खरा होता. डोकं लावून काम करणाऱ्याला खिडकीखालचा ऑर्गन सोसवणार नाही, हे मला पटतं. पण ज्यांना मैफिलीचं तिकीट कधीच परवडणार नव्हतं, त्यांच्या कानावर पडणारं संगीत बरंचसं हेच होतं. त्यांच्या बाजूने संसदेत बोलणारे थोडेच होते.

बागांमधल्या संगीताची कथा थोडी वेगळी आहे. लंडनच्या बागांत रविवारी लष्करी बँड वाजू लागले तेव्हा तुफान गर्दी झाली, पण तो प्रार्थनेचा दिवस. धर्मगुरूंच्या आक्षेपापुढे पंतप्रधान पामर्स्टन यांनी १८५६ मध्ये ते बँड थांबवले. लोकांनी मग वर्गणी काढून स्वतःचे बँड उभे केले. सरकारने काढून घेतलेला रविवार लोकांनी पदरमोड करून परत मिळवला, हे मला या इतिहासातलं फार मोलाचं पान वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी १९३६ पासून रस्त्यावरच्या वादकांचे परवाने बंद केले. आता रेडिओ आहे, बागांत फुकट मैफिली होतात, मग हे कशाला, असा त्यांचा सवाल होता. ती बंदी १९७० पर्यंत टिकली. न्यूयॉर्कमधल्याच वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बागेत मात्र तरुण मंडळी रविवारी गिटार घेऊन जमत. १९६१ मध्ये त्यांची परवानगी नाकारली गेली, तेव्हा ९ एप्रिलला गाणारे आणि पोलीस समोरासमोर आले. काहींना अटक झाली. पण काही आठवड्यांतच गाणं पुन्हा सुरू झालं.

यानंतर सरकारांचा सूर बदलला. १९८२ मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयासमोर एक पाहणी आली : देशात सुमारे ५० लाख लोक वाद्य वाजवतात. मग ते रस्त्यावर ऐकू का येत नाहीत? मंत्री जॅक लाँग आणि संगीत विभागाचे मॉरिस फ्लरे यांनी २१ जूनच्या संध्याकाळी सगळ्यांना वाद्यं घेऊन बाहेर पडायचं आवाहन केलं. आज हा दिवस शंभराहून अधिक देशांत साजरा होतो. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९८५ मध्ये वादकांसाठी योजना आणली, लंडनच्या भुयारी रेल्वेने २००३ मध्ये ठरावीक जागा आखून परवाने दिले.

तरी जुना वाद मिटलेला नाही. ध्वनिवर्धकाने तो चिघळवला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून नुसत्या गळ्याचं गाणं थोड्या पावलांतच मावळतं. बॅटरीवरचा स्पीकर मात्र समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचतो, आणि तिथल्या माणसाला तीच चार गाणी दिवसभर ऐकावी लागतात. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधलं वादन २०२५ मध्ये न्यायालयाने उपद्रव ठरवलं आणि तिथल्या जागा बंद झाल्या.

शेजाऱ्यांनी स्वतः पुढाकार घेतला की काय होतं, याची दोन उदाहरणं मला विशेष प्रिय आहेत. ल्यूक जेरम या कलाकाराला कपडे धुण्याच्या सार्वजनिक केंद्रात दर आठवड्याला तेच चेहरे दिसत, पण कुणी कुणाशी बोलत नसे. त्यातून कल्पना निघाली आणि २००८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये १५ पियानो रस्त्यांवर ठेवले गेले, कुणीही वाजवावेत म्हणून. दुसरं त्याआधीचं, २००७ चं. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी दोन शेजारणींच्या गप्पांतून ‘पोर्चफेस्ट’ जन्मलं. घरमालक आपला ओटा देतात, वादक त्यावर वाजवतात, तिकीट नसतं, ऐकणारे नकाशा हातात घेऊन या घरून त्या घरी जातात. पहिल्या वर्षी २० बँड होते. आता इतर अनेक शहरांतल्या वस्त्या आपापलं पोर्चफेस्ट भरवतात.