जिताडा नव्हे, जिताडी

मुळशी धरणाचं पाणी पुण्याला मिळत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. मुळेचं हे पाणी खरं तर पूर्वेला वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. वीजनिर्मितीसाठी ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं गेलं. भिऱ्याला जनित्रं फिरवून ते कुंडलिकेत पडतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीला लागतं. शनिवारी दुपारी कोथरूडहून निघून आम्ही ताम्हिणी उतरतो, तेव्हा या पाण्याच्या मागोमागच जात असतो.

आम्ही जातो गरवायला, म्हणजे खाडीत गरी टाकून जिताड्यासारखा मोठा मासा धरायला. वेळ पंचांगावर ठरते. माझा मावसभाऊ तिथलाच, फोनवर त्याचा एकच प्रश्न असतो, "दादा, शनिवारी तिथी कुठली?" तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे रात्री नऊच्या सुमाराला खाडी तुडुंब. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा हिशेब चालतो. काटेकोरपणे तिथीमागे 48 मिनिटं धरायला हवीत, पण 45 ची आकडेमोड तोंडी होते, आणि गरी टाकायला अर्ध्या तासाची चूक खपून जाते.

त्या दिवशी कार्तिकातली द्वादशी होती. जेटीवरच्या दिव्याने पाण्यावर पिवळं रिंगण काढलं होतं. उजेडाला आधी येतं ते प्लवक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. त्यांच्यामागे कोळंबी, बोय माशांची पिल्लं. नवखा माणूस याच गर्दीत गरी सोडतो. मी पहिले दोन हिवाळे तेच केलं. मोठा मासा मात्र रिंगणाच्या कडेला, खांबाच्या सावलीत दबा धरून असतो. बहुतेक माशांच्या डोळ्यांतली बाहुली आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. दृष्टिपटलातल्या पेशीच पुढे-मागे सरकून उजेडाशी किंवा अंधाराशी जुळवून घेतात, आणि त्याला बराच वेळ लागतो. त्यामुळे दिव्याखाली खेळणाऱ्या बोयीला पलीकडचा अंधार म्हणजे काळा पडदा, आणि पडद्यामागच्याला अख्खा रंगमंच स्वच्छ दिसतो.

ओहोटी लागली, पाणी खांबांना घासून वाहू लागलं आणि साडेदहाला रीळ ओरडलं. दहाएक मिनिटं तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, कधी खांबाकडे, कधी खाडीच्या मध्यावर. मग टॉर्चच्या झोतात निखाऱ्यासारखे दोन लाल डोळे दिसले. जिताडा! रॉडवर रंगाने खुणा करून ठेवल्या आहेत, त्यावर मोजला: 104 सेंटिमीटर.

इथे भाषा फसते. आपण त्याला जिताडा म्हणतो, पण एवढा मोठा जिताडा जवळजवळ नक्की मादी असतो. लॅटिस कॅल्करिफर ही जात आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते. तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून प्रजननात उतरतो, आणि पुढे साधारण सहा ते आठ वर्षांचा, 85 ते 100 सेंटिमीटरचा झाला की बहुतेकांची वृषणं जाऊन तिथे अंडाशय तयार होतं. माद्या वेगळ्या जन्माला येत नाहीत म्हटलं तरी चालेल. नर जगला, वाचला, वाढला तर मादी. मीटरभराचे मासे उचलत गेलो तर खाडीत नुसते बाप्ये उरतील.

शिवाय मोठी मादी म्हणजे लहान माद्यांची नुसती बेरीज नव्हे. 2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात समुद्री माशांच्या 342 जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला कॉड माशाचा हिशेब असा: 30 किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढ्यासाठी दोन-दोन किलोच्या 28 माद्या लागतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात जिताडा 58 सेंटिमीटरपेक्षा लहान असला तर सोडावा लागतो, आणि 120 पेक्षा मोठा असला तरीही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. मधल्या मापाचा मासा आम्हीही आनंदाने खातो.

पण सोडला म्हणजे वाचला असं नाही. एक लिटर हवेत 200 मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन असतो, तर खाडीच्या कोमट पाण्यात लिटरमागे जेमतेम पाच. झुंजीत स्नायूंना एवढा ऑक्सिजन पुरत नाही; लॅक्टिक आम्ल साठतं आणि दमलेल्या माशाला तेव्हाच सर्वात जास्त ऑक्सिजन हवा असतो. नेमका तेव्हाच आपण त्याला फोटोसाठी वर धरतो. हवेत कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, पावसात भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या. 1992 सालच्या एका प्रयोगात ट्राउट माशांना दमवून पाहिलं. नुसते दमवलेले 12 तासांनंतर 88 टक्के जिवंत होते, त्यावर 30 सेकंद हवेत ठेवलेले 62 टक्के, आणि मिनिटभर ठेवलेले फक्त 28. ट्राउट थंड पाण्यातला, प्रयोगशाळेतला. आकडे जिताड्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण मिनिट म्हणजे काय, हे त्यातून कळतं.

म्हणून तंगुसाने जेटीवर खेचायचं नाही, पायऱ्यांपर्यंत चालवत आणायचं. हात ओले, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला वाट मिळते. जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. पाण्याने आयुष्यभर तोललेलं ते अंग, पाठीच्या कण्याला तो भार माहीत नसतो. आमची गरी गोल वळणाची असते, ती बहुधा ओठाच्या कोपऱ्यातच रुतते. घशात गेलीच, तर तंगूस कापून गरी आत राहू दिलेली बरी.

मावसभाऊ गुडघाभर पाण्यात पायरीवर उभा राहिला. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडमिट करत होते. तो काही बोलत नव्हता. एवढ्या माशाचे बाजारात किती येतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पोट मासेमारीवर असलेल्याला सोडायला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण गरी माझी होती आणि मला महिन्याला पगार मिळतो. तीनेक मिनिटांनी शेपटीने असा फटकारा दिला की दोघंही नखशिखांत खाऱ्या पाण्यात.

सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न आला, "वजन किती भरलं?" काट्याला लटकवला असता तर सांगितलं असतं.