सिल्फ, लांबशेपटी व जांभळशेपटी

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मेघवनांत राहणाऱ्या, परस्परांच्या अगदी जवळच्या दोन हमिंगबर्ड जाती. लांबशेपटी सिल्फचे शास्त्रीय नाव एग्लायोसर्कस किंगाय, तर जांभळशेपटीचे एग्लायोसर्कस सीलेस्टिस. पहिलीचे वर्णन फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लेसन यांनी १८३२ मध्ये केले आणि दुसरीचे जॉन गूल्ड यांनी १८६१ मध्ये. प्रजातीचे, म्हणजे या जवळच्या जातींच्या गटाचे (एग्लायोसर्कस), आजचे नाव झिमर यांनी १९३० मध्ये ‘झळाळी’ व ‘शेपूट’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून दिले. मराठीत या पक्ष्यांना रूढ नावे नाहीत. येथे वापरलेली नावे केवळ वर्णनपर आहेत. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर आढळत नाहीत. आपल्याकडे जास्वंदीवर येणारा शिंजीर वेगळ्या कुलातला आहे.

लांबशेपटी सिल्फ व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत, मुख्यतः अँडीजच्या पूर्व उतारांवर आढळतो. जांभळशेपटीचे क्षेत्र लहान आहे : कोलंबिया व एक्वादोर यांचा पश्चिम उतार. एक्वादोरमधील मिंदो परिसरात तो सहज दिसतो. दोन्ही जातींत नराची शेपटी शरीराहून लांब व खोल दुभागलेली असते. मादी आखूड शेपटीची, शेपटीसह जेमतेम दहा सेंमी. लांबशेपटी नराच्या शेपटीची छटा स्थानाप्रमाणे निळसर हिरव्यापासून निळ्या-जांभळ्यापर्यंत बदलते. जांभळशेपटीत ती गडद जांभळी असून टोकाशी निळी होते. हे रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे चमकतात, त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की छटाही बदलते. म्हणून नुसत्या रंगावर ओळख ठरवणे धोक्याचे आहे. माद्यांतील फरक त्या मानाने विश्वसनीय वाटतो : जांभळशेपटी मादीचा माथा निळा असून गळा व तांबूस पोट यांच्यामध्ये पांढरा पट्टा असतो.

हे दोन पक्षी एकाच जातीचे आहेत, असे मत काही अभ्यासकांनी पूर्वी मांडले होते. रंगाचा स्थानिक फरक एवढा मोठा असताना ते अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि पश्चिम कोलंबियात लांबशेपटीची एमी ही उपजातीही आढळते आणि तेथे ती साधारणपणे अधिक उंचीवर, तर जांभळशेपटी त्याखाली राहते. म्हणजे दोघांना वेगळे ठेवणारी केवळ पर्वतरांग नव्हे, उंचीही असावी. शुखमन व डुफ्नर यांनी १९९३ मध्ये या प्रजातीतील भौगोलिक भेदांचा सविस्तर आढावा घेतला. आज बहुतेक याद्यांत दोन्ही जाती स्वतंत्र मानल्या जातात आणि ते अधिक सयुक्तिक दिसते.

याच गटाशी एक जुने कोडे निगडित आहे. १९०९ मध्ये निसेफोरो मारिया या धर्मबंधूंनी बोगोटात गडद निळ्या हमिंगबर्डचे एक कातडे विकत घेतले. तो पक्षी नेमका कोठे मारला गेला, याची नोंद नव्हती. ग्रेव्ह्ज यांनी १९९३ मध्ये त्या एकाच नमुन्यावरून हेलिअँजेलस झुसीआय ही नवी जाती वर्णिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तिला पाठिंबा दिला. मात्र २०१८ मधील अधिक व्यापक तुलनेत नमुन्याचे मातृवंशीय डीएनए लांबशेपटी सिल्फशी जुळले. त्यामुळे तो दोन वेगळ्या जातींचा संकर असावा, असा निष्कर्ष निघाला आणि सध्या तोच ग्राह्य धरणे इष्ट. मातृवंशीय डीएनए फक्त आईचा माग देते. पिता कोण, हे त्यातून ठरत नाही.

मकरंद व लहान कीटक हा आहार. चोच आखूड असल्याने लांब फुलांच्या तळाशी छिद्र पाडून मकरंद चोरण्याचीही सवय आहे. घरटे शेवाळ व वनस्पतितंतूंचे, घुमटाकार, बाजूला दार असलेले. बहुतेक हमिंगबर्डांच्या उघड्या वाटीसारख्या घरट्यांहून ते निराळे दिसते. अंडी दोन, ती मादीच उबवते.

दोन्ही जातींना तूर्त विशेष धोका मानला जात नाही. प्रजातीतील तिसरी जाती, व्हेनेझुएलन सिल्फ, मात्र ईशान्य व्हेनेझुएलातील थोड्याच डोंगरांपुरती उरली आहे.