छर्रा स्वस्त कधी पडतो?

पहिली एअर रायफल घरी आली की महिन्याभरातच छर्ऱ्यांचा खर्च जाणवू लागतो. बंदूक एकदाच घ्यायची, छर्रे मात्र सारखे संपतात. 10 मीटर एअर रायफलच्या सामन्यात 60 नेम असतात. सरावालाही तेवढेच धरले आणि आठवड्यातून तीन दिवस सराव केला, तर आठवड्याला 180 छर्रे लागतात. म्हणजे 500 ची डबी तीन आठवडेही पुरत नाही. यवतमाळ किंवा गोंदियाकडच्या खेड्यातून नवी डबी म्हणजे नागपूरची फेरी, नाहीतर कुरिअरची वाट पाहणं. त्यामुळे निवड आधी समजून केलेली बरी.

सुरुवातीलाच कायद्याचं. नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत (म्हणजे .177 इंच) आणि ऊर्जा 20 जूलपर्यंत असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापुढच्या बंदुकीला लागतो. घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, आणि बिल जपून ठेवावं. वावरात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर शिरलं म्हणून ही बंदूक उचलायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तो गुन्हा ठरतो. शिवाय सात-आठ जूलचा छर्रा एवढ्या मोठ्या जनावराला मारत नाही, नुसता जखमी करून सोडतो. मोर, माकड, पाखरं यांच्याबाबतही तेच. ही बंदूक कागदावर नेम धरण्यासाठी आहे.

आता पैशाचा प्रश्न. दुकानदार महागडे ‘मॅच’ म्हणजे स्पर्धेचे छर्रे पुढे करतो आणि घेणाऱ्यालाही वाटतं की चांगला छर्रा घेतला की नेम सुधारेल. इथे थोडं गणित करून पाहावं. पाच छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून मारले की कागदावर जो पुंजका उमटतो त्याला ग्रुप म्हणतात. हाताच्या थरथरीमुळे पडणारा फरक आणि छर्ऱ्याच्या दोषामुळे पडणारा फरक यांची साधी बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. समजा, नवशिक्याचा हात 30 मिलिमीटरचा पसारा करतो आणि साधा छर्रा 8 मिलिमीटरचा. 900 अधिक 64 याचं वर्गमूळ 31. तिथे 3 मिलिमीटरवाला उत्तम छर्रा घातला, तर 900 अधिक 9, म्हणजे 30.1. दुपटीने पैसे मोजून कागदावर एक मिलिमीटरही फरक पडला नाही. हात सुधारून 8 मिलिमीटरवर आला की मात्र चित्र पालटतं: साध्या छर्ऱ्याने 11.3, उत्तम छर्ऱ्याने 8.5. महाग डबी तेव्हा वसूल होते, त्याआधी नाही.

म्हणून सगळ्यात हलका मालही चालेल, असं नाही. खराब छर्ऱ्याचा स्वतःचाच पसारा 25-30 मिलिमीटर असेल, तर चूक हाताची की छर्ऱ्याची हेच कळत नाही, आणि शिकणाऱ्याला त्याहून मोठं नुकसान नाही. सरावाच्या छर्ऱ्याकडून मागायचं ते एवढंच की त्याने रोज सारखंच वागावं.

तसं वागणं घडणीवर अवलंबून असतं. छर्रा डमरूसारखा असतो: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. हवेचा दाब पोकळीत शिरला की घेर फुलून नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, घट्ट बसतो. आट्या त्याला फिरकी देतात आणि मागचा घेर हवेत त्याची दिशा सरळ ठेवतो. घेराची कड एका बाजूने चेपलेली असेल, तर नळीच्या तोंडाशी हवा आधी त्या बाजूने निसटते आणि छर्ऱ्याला तिरका धक्का बसतो. साध्या छर्ऱ्यातले भरकटणारे नेम बरेचदा यामुळेच असतात. यावर उपायाला खर्च नाही. आरशाच्या काचेवर किंवा सपाट काचेवर छर्रे हळूच लोळवा. घेर डोक्यापेक्षा मोठा असल्याने प्रत्येक छर्रा गोल वळतो, पण चांगले छर्रे सारखंच वळण घेतात. जो अडखळतो, डुगडुगतो, तो बाजूला काढा. तो नळी तापवायला, म्हणजे सुरुवातीच्या दोन-चार नेमांना कामी येतो.

वजन करून निवडण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्यात 0.01 ग्रॅमचा फरक म्हणजे 2 टक्के. ऊर्जा तेवढीच राहिली तर वेग सुमारे 1 टक्का बदलतो. 170 मीटर प्रति सेकंद वेगाने निघालेला छर्रा 10 मीटरवर पोहोचेपर्यंत 17-18 मिलिमीटर खाली येतो, आणि वजनाच्या या फरकाने त्यात साधारण 0.35 मिलिमीटरची भर पडते. कागदावरची वर्तुळं एकमेकांपासून 2.5 मिलिमीटर दूर असतात. सोनाराचा काटा घेण्यापेक्षा ते पैसे छर्ऱ्यांत घाला.

आकारात गोंधळायचं कारण नाही. 10 मीटरच्या सरावाला चपट्या डोक्याचा, सुमारे 0.45 ते 0.53 ग्रॅमचा शिशाचा छर्रा घ्यावा. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. अंतर 20-25 मीटर असेल तर घुमटी डोक्याचा बरा, त्याचा वेग हवेत कमी घटतो. टोकदार छर्रा दिसायला धारदार, पण टोक नेमकं मध्यावर येईलच असं नाही, म्हणून सरावाला नको. शिसं नसलेले हलके मिश्रधातूचे छर्रे महाग पडतात. बंदुकीच्या खोक्यावर छापलेला मोठा वेग बहुधा त्यांच्यावरच मोजलेला असतो. लोखंडी गोल बीबी आट्यांच्या नळीत कधीच घालू नका. त्या आट्या झिजवतात आणि कठीण भिंतीवरून थेट परत येतात.

कोणता छर्रा आपल्या नळीला मानवतो हे डबी पाहून सांगता येत नाही. एकाच कारखान्याच्या दोन बंदुकाही वेगळी आवड दाखवतात, कारण छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास 4.48 ते 4.52 मिलिमीटर असा बदलतो आणि प्रत्येक नळी किंचित वेगळी असते. म्हणून आधी दोन-तीन प्रकारच्या लहान डब्या आणा. अंगठ्याने बसवताना छर्रा आपोआप आत घरंगळला तर तो सैल आहे; जोर लावावा लागला आणि घेर खरवडला तर घट्ट आहे. प्रकार बदलला की पहिले 15-20 नेम मोजू नका, नळीत नव्या शिशाचा थर बसायला तेवढे लागतात. मग बसून, टेकू घेऊन पाच-पाचचे चार ग्रुप मारा. स्प्रिंगची बंदूक थेट वाळूच्या पिशवीवर टेकवू नका, पिशवीवर उघडा तळहात ठेवून त्यावर ती सैल विसावू द्या. या बंदुकीचा झटका दोन्ही दिशांना असतो आणि टेकू बदलला की ग्रुप सरकतो. भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत मोठं अंतर मोजून त्यातून 4.5 वजा करा. चारही ग्रुपची सरासरी धरा. एकच सुंदर ग्रुप नशिबानेही येतो.

जो छर्रा जिंकेल, त्याच्या डबीमागचा लॉट नंबर पाहून त्याच लॉटच्या तीन-चार डब्या एकदम घ्या. आणताना डबी अर्धी रिकामी असेल तर वर स्पंजची चकती किंवा कापूस दाबून ठेवा. एसटीच्या हादऱ्यांनी छर्रे एकमेकांवर आपटून घेर चेपतात, आणि चांगला माल घरी येईपर्यंत साधा होतो.

चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना म्हणजे 45 अंश. त्याने छर्रा फुगेल ही भीती नको: 25 अंशांच्या वाढीने 4.5 मिलिमीटरचं शिसं तीन-साडेतीन मायक्रॉन वाढतं, आणि व्यासाच्या दोन मापांतला फरकच 10 मायक्रॉन असतो. खरा बदल बंदुकीत होतो. गॅस रॅमचा (काही बंदुकांत स्प्रिंगऐवजी असलेल्या, वायू कोंडलेल्या नळकांड्याचा) दाब 20 वरून 45 अंशांवर साडेआठ टक्क्यांनी चढतो, स्प्रिंगचं ग्रीस पातळ होतं. सकाळी सातला जुळवलेला नेम दुपारी दोनला सरकलेला दिसेल. सराव एकाच वेळी, शक्यतो सकाळी करा. पावसाळ्यात छर्ऱ्यांवर पांढुरकी भुकटी धरते, ती शिशाच्या संयुगाची. डबी घट्ट बंद ठेवा आणि तसे छर्रे वापरू नका.

पैसे वाचवायचे म्हणून रिकामी बंदूक उडवून सराव करणं स्प्रिंगच्या बंदुकीला घातक असतं. पुढे छर्ऱ्याचा अडथळा नसला की दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. त्याऐवजी चाप न ओढता दहा-दहा सेकंद नेम धरून ठेवा. त्याला एक छर्राही लागत नाही आणि हाताचा तो 30 मिलिमीटरचा पसारा त्यानेच उतरतो.

लक्ष्याच्या मागे भिंत नको. वाळूने भरलेली पोती एकावर एक रचा, किंवा लाकडी खोक्यात जुने कपडे गच्च कोंबा. त्यामागेही मातीचा उंच धुरा (बांध) असावा, कारण चुकलेला छर्रा शे-दोनशे मीटर सहज जातो आणि पलीकडच्या वावरात कोणी निंदत असू शकतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, जवळ उभ्या असलेल्यांच्याही.

शिसं विषारी आहे. छर्रे तोंडात धरू नका, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. पडलेले छर्रे त्याच दिवशी वेचा, नाहीतर अंगणातल्या कोंबड्या खडे समजून टिपतात आणि शिसं त्यांच्या अंगात भिनतं. साठलेलं शिसं जाळ्याची वजनं ओतायला घरच्या चुलीवर वितळवू नका. त्याची भुकटी स्वयंपाकघरात बसते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. ते झाकणाच्या डब्यात मुलांपासून दूर ठेवा आणि डबा भरला की भंगारवाल्याला शिसं म्हणून वेगळं सांगून द्या.