पीडीएफ म्हणजे ई-बुक नव्हे

‘आमची सगळी पुस्तकं ई-बुक स्वरूपात आहेत,’ असं मराठी प्रकाशक सांगतात तेव्हा पुष्कळदा त्यांच्याकडे असते ती छापखान्याला दिलेली पीडीएफ. कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर ती सुरेख दिसते. पण मुंबईतल्या कितीतरी घरांत संगणक नाहीच. बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, वीजबिल, वाचन, सगळं एका मोबाइलवर चालतं. अंबरनाथ लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून उभ्या असलेल्या वाचकाला पीडीएफ आणि ईपब (खास ई-बुकांसाठीचा फाइल-प्रकार) यांतला फरक दुसऱ्याच पानावर कळतो.

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली आणला. कागदावर जसं उमटेल तसंच प्रत्येक यंत्रावर दिसावं, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे अक्षराची जागा, समास, ओळ कुठे तुटते, सगळं पक्कं ठरलेलं असतं. ईपब हे २००७ सालचं मानक. त्याच्या आत वेबपानासारखा मजकूर असतो: परिच्छेद, मथळे, चित्रं, एकाच फाइलमध्ये बांधलेली. ओळ कुठे तुटायची ते वाचणाऱ्याच्या पडद्यावर ठरतं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने लागतात.

साधा हिशेब करून पाहा. डेमी आकाराचं पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं. उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा पावणेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे पान निम्मं होतं आणि १४ पॉइंटात जुळवलेला मजकूर ७ पॉइंटाचा. रोमन लिपीतला मजकूर एवढ्या आकारात कसाबसा वाचता येतो. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, मध्ये जोडाक्षरं. अनुस्वार दिसेनासा होतो, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच वाटू लागतात. मग दोन बोटांनी पान मोठं करायचं आणि प्रत्येक ओळीसाठी ते डावीकडून उजवीकडे सरकवायचं. दिवाळी अंकाचं दोन रकान्यांचं पान असेल तर पहिला रकाना संपला की पुन्हा वर जायचं. चाळिशीचा चष्मा लागलेला माणूस हे किती वेळ करील? तो पुस्तक बंद करतो, आणि मराठी माणूस वाचत नाही असं आपण म्हणत राहतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

डोळ्यांना न दिसणारा फरक याहून मोठा आहे. पीडीएफमध्ये मुख्यतः अक्षरांच्या आकृत्या साठवलेल्या असतात. आपल्याकडची जुनी पुस्तकं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांत जुळवलेली. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. अशा पीडीएफमधून परिच्छेद उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर नुसती अगम्य चिन्हं उमटतात. शब्द शोधला तर सापडत नाही. दृष्टिहीन वाचकासाठी मोबाइल मजकूर वाचून दाखवू लागला तर त्याला काही अर्थच लागत नाही. युनिकोड वापरून केलेल्या पीडीएफमध्येही पहिली वेलांटी आणि रफार यांची जागा पुष्कळदा चुकते. ईपबमधला मजकूर मुळातच युनिकोडमध्ये असतो. त्यामुळे शोध, शब्दकोश, वाचून दाखवणं, सगळं चालतं.

पीडीएफ टाकाऊ आहे असं मात्र नाही. मुलांची चित्रमय पुस्तकं, नकाशे, सरकारी अर्ज, पृष्ठक्रमांकासह संदर्भ द्यावा लागणारे ग्रंथ यांना तीच बरी. शिवाय अँड्रॉइड मोबाइलवर पीडीएफ बोट लावलं की उघडते, ईपबला बहुधा वेगळं अ‍ॅप लागतं. वाचक पीडीएफ मागतात ते याच कारणाने. प्रकाशकाने फाइलसोबत दोन ओळी लिहून द्याव्यात: गुगल प्ले बुक्समध्ये ही फाइल अशी चढवा, अक्षर असं वाढवा.

खरं काम मात्र त्याच्या आधी, जुळणीच्या टेबलावर आहे. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये हवा. मथळ्याला मथळ्याची आणि परिच्छेदाला परिच्छेदाची स्टाइल लावलेली हवी. ओळ नीट बसावी म्हणून मध्येच एंटर मारला किंवा जागा सोडण्यासाठी स्पेसबार दाबत राहिलं की ईपबमध्ये वाक्यं नको तिथे तुटतात. आणि शेवटचं प्रूफ संगणकावर नव्हे, साध्या स्वस्त मोबाइलवर वाचावं, तेही दुपारच्या उन्हात, घाटकोपरच्या फलाटावर. एक पुस्तक छापायला आणि मोबाइलसाठी अशा दोन्ही वाटांनी जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरवलं तर जास्तीचा खर्च फारसा येत नाही.

जुन्या पुस्तकांचं काम जास्त कष्टाचं आणि जास्त तातडीचं आहे. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात, पण ती ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांत घोटाळा करू शकतात, म्हणून पुन्हा मुद्रितशोधन लागतंच. गिरगाव-दादरच्या कितीतरी कपाटांत पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली सीडीवर पडून असतील. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली आली, ती शेवटची. कोणत्या पुस्तकाला कोणता फॉन्ट वापरला होता हे ज्या ऑपरेटरला आठवतं, त्याला या महिन्यातच बोलावून घ्यावं.