संजीवनी वेगळी, ययातीचं तारुण्य वेगळं

सांगलीत पुस्तकांचा विषय निघाला की 'ययाती'ला अमरत्वाची कादंबरी म्हणणारं कुणीतरी भेटतंच. मग त्यात मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या येते, ती शिकायला आलेला कच येतो आणि सगळ्याची भेळ होते. दैत्यांचे गुरू शुक्राचार्य आणि त्यांची मुलगी देवयानी दोन्ही गोष्टींत आहेत, शिवाय लिहिणारे दोघेही जन्मानं सांगलीचे. कचावरचं खाडिलकरांचं नाटक 'विद्याहरण' १९१३चं, वि. स. खांडेकरांची 'ययाती' १९५९ची.

कचाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दैत्य त्याची राख मद्यातून गुरूला पाजतात, पोटातल्या शिष्याला शुक्राचार्य विद्या देतात, बाहेर येऊन तो गुरूला उठवतो. ते असो.

मेख पुढे आहे. संजीवनी मेलेल्याला उठवते. उठलेला म्हातारा होणार नाही किंवा पुन्हा मरणार नाही, अशी हमी ती देत नाही. ययातीच्या गोष्टीत मरणाला कुणी हातच लावत नाही. शुक्राचार्यांच्या शापानं ययातीला आलेलं म्हातारपण नाहीसं होत नाही, ते फक्त अंग बदलतं. बाप तरणा झाला त्याच क्षणी पोरगा, पुरू, म्हातारा. महाभारतात ही उसनवारी हजार वर्षं चालते आणि मग ययाती ती फेडतो. फेडता येतं त्याला अमरत्व कसं म्हणायचं? त्याला हवं होतं भोग झेपेल असं शरीर, आणि ते त्यानं पोटच्या पोराकडून घेतलं. हे निसटलं की कादंबरीचा कणाच निसटतो.

म्हणून मला तिचं बळ शर्मिष्ठेत दिसतं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आपापली बाजू स्वतः सांगतात. त्यात राजकन्या असून देवयानीची दासी झालेली शर्मिष्ठाच दुसऱ्याच्या हट्टाची किंमत मोजून बोलते. तिची पानं आजही आतून हलवतात.

खांडेकर आपले म्हणून उणिवा झाकू नयेत. तिघांचा आवाज सारखाच लागतो. देवयानी चिडली तरी सुभाषितं बोलते. एक उपमा नीट दिसायच्या आत दुसरी येते. सगळ्यात खटकतो तो पुरू. म्हातारपण अंगावर घेणारा तो, आणि निवेदन त्याच्या वाट्याला नाहीच. वाकलेली पाठ, अंधुक झालेली नजर, पांढरे केस हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. १९७४च्या ज्ञानपीठानं ही उणीव भरून निघत नाही.

आधी आदिपर्वातली ययातीची कथा वाचा, मग कादंबरी. खांडेकरांनी काय बदललं ते लगेच कळतं. 'विद्याहरण' त्यानंतर, आणि शक्यतो रंगमंचावरच पाहा.