झाड वाऱ्याने पडत नाही, निदान नुसत्या वाऱ्याने तरी नाही

मे महिना अर्धा सरला की आमच्याकडे एकच मागणी सुरू होते, ते झाड कापा. पणजीच्या कांपालहून, आल्तिनोवरून, मळा भागातून, सांतिनेजहून, सगळीकडून फोन. कोणाच्या गाडीवर फांदी आलीय, कोणाच्या कौलांवर पानं साचतायत, आणि बहुतेकांना नुसतीच भीती, की पाऊस आला, वारा आला, की हे पडणार. मी पणजीत सार्वजनिक झाडं, बागा, डिव्हायडरमधली हिरवळ सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो. आणि भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं तेव्हा राज्यभर किती झाडं आडवी झाली ते सगळ्यांनी बघितलंय. पण वारा तर सगळ्याच झाडांना लागतो ना? मग रांगेतलं एकच झाड का जातं, शेजारचं का राहतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि आमचं निम्मं काम त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

झाड दोन प्रकारे जातं. एक तर मोडतं, म्हणजे फांदी किंवा बुंधा तुटतो, नाहीतर मुळासकट उलटतं. मोडण्याचं कारण बहुतेक वेळा वर असतं, कोणीतरी पूर्वी केलेली कापाकापी. उलटण्याचं कारण खाली, मातीत. दोन्हीकडे माणसाचा हात सापडतो आणि तो वादळाच्या कितीतरी वर्षं आधीचा असतो.

आधी कापाकापीचं बघू. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट झाला तर ढकलणारं बळ साधारण चौपट, त्यामुळे झाडाच्या फांद्या-पानांचा पसारा कमी केला तर धोका कमी होईल हे गणित लोक करतात आणि ते वरवर बरोबरही आहे. मग काय, चेनसॉ घेऊन झाड वरून सपाट उडवायचं. दोन महिन्यांत त्या खुंटांवर हिरवीगार पालवी फुटते, लोक म्हणतात बघा किती जोमाने आलं. तो जोम नाहीये. झाडाची पानं म्हणजे त्याचं स्वयंपाकघर, ते एका दिवसात गेलं म्हटल्यावर बुंध्यात आणि मुळांत साठवलेला स्टार्च खर्चून ते घाईघाईत नवीन फुटवे काढतं. हे फुटवे सालीखाली झोपलेल्या कळ्यांतून येतात. खरी फांदी खोडाच्या आतल्या गाभ्यापासून निघालेली असते आणि दरवर्षी खोडाचं लाकूड आणि फांदीचं लाकूड एकमेकांवर चढत जातं, तसा सांधा या फुटव्यांना नसतो, ते नुसते वरच्या थरात चिकटलेले असतात. तीन-चार वर्षांत ते मांडीएवढे जाड होतात, आणि त्यांच्या खाली कापलेला खुंट तोवर सडायला लागलेला असतो. म्हणजे धोका कमी करायला गेलो आणि एका फांदीच्या जागी पाच कमकुवत फांद्या उभ्या केल्या.

सडण्याची ही गोष्ट नीट समजावली ती अ‍ॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन माणसाने. तो तिथल्या वन खात्यात संशोधक होता, आणि त्याने काय केलं तर हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत बघितलं. तोपर्यंत लाकूड आडवं कापूनच बघायची पद्धत होती, उभं चिरल्यावर सड आत कुठून कुठे पसरलीय ते सरळ दिसायला लागलं. १९७७ साली त्याने ते सगळं मांडलं. थोडक्यात असं की आपल्याला जखम झाली तर तिथल्या पेशी जाऊन नवीन पेशी येतात, झाडाला ते जमत नाही. झाड खराब झालेला भाग तसाच आत ठेवतं आणि त्याच्याभोवती भिंती घालतं. वर-खाली जाणाऱ्या नळ्या बुजवते ती पहिली भिंत, ही सगळ्यात कच्ची, म्हणून सड उभी लांबवर पळते. दुसरी आतल्या दिशेला, तिसरी बाजूंना, आणि चौथी जखमेनंतर नव्याने तयार होणाऱ्या लाकडाच्या कडेला, ही सगळ्यात पक्की. जुन्या झाडाच्या पोटात असे बंद केलेले कप्पे भरपूर असतात, त्याच्यावर चाललेला प्रत्येक कोयता आत नोंदवलेला असतो.

यातून कामाची गोष्ट निघते ती कुठे कापायचं ही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो, त्याला आम्ही सगळे कॉलरच म्हणतो. भिंत घालायची सगळी तयारी त्या कॉलरमध्ये असते, म्हणून काप त्याच्या जरा बाहेर घ्यायचा. खोडाला घासून गुळगुळीत कापलं तर दिसायला छान पण कॉलर गेली, हातभर खुंटी ठेवली तर कॉलरला जखम झाकता येत नाही आणि खुंटी सडून आत शिरते. मोठी फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं बाहेर वरून काप, वजन उतरलं की शेवटचा काप कॉलरजवळ, नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते. आणि त्याच्यावर डांबर फासायचं नाही! हे पटवायला सगळ्यात अवघड जातं, कारण डांबर फासलं की काहीतरी औषधपाणी केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात त्याने सड थांबत नाही, उलट खाली ओल धरून राहते.

आता खाली बघू, कारण माझ्या मते खरा घोटाळा तिथेच आहे.

मुळं खोल जातात असं शाळेत शिकल्यासारखं सगळ्यांना वाटतं. सोटमूळ काही जातीच्या रोपांना असतं खरं, पण मोठ्या झाडाची पाणी-अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फूट मातीतच असतात आणि पसरतात मात्र पसाऱ्याच्या सावलीच्याही कितीतरी बाहेर. कारण साधं आहे, मुळांना श्वास घ्यावा लागतो. ऑक्सिजन हवेत जेवढ्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. म्हणजे माती दाबून घट्ट केली, तिच्यातली हवेची पोकळी गेली आणि उरलेल्या फटींत पाणी भरलं, की खालची मुळं गुदमरलीच. आल्तिनोवर खाली जांभा दगड आहे, फटीफटीतून मुळं जातात ती जातात. कांपाल म्हणजे मांडवीच्या काठची भरणीची जमीन, खाली पाणी जवळच, तिथे मूळ खोल जाऊन करणार काय? आणि वरून आपण पेव्हर, म्हणजे फूटपाथच्या सिमेंटच्या लाद्या, बुंध्याला टेकवून बसवतो, फूटपाथ स्वच्छ दिसावा म्हणून.

त्यात चर खणणं. गटार, पाइप, केबल, परत केबल, गेल्या काही वर्षांत पणजीचे रस्ते किती वेळा उकरले ते पणजीकरांना मी सांगायला नको. बुंध्यापासून चार फुटांवर सरळ चर गेला की त्या बाजूची झाडाला धरून ठेवणारी मुळं संपली. गंमत म्हणजे (गंमत कसली) झाड त्या वर्षी काहीच दाखवत नाही. साठवणीतला स्टार्च असतो, उरलेली मुळं पाणी पुरवतात, पानं हिरवी. मात्र तुटलेल्या टोकांतून बुरशी आत गेलेली असते. मग काही वर्षांनी पावसात बुंध्याच्या तळाशी तपकिरी, कडक, कपाटाच्या फळीसारखी बुरशी बाहेर येते, गॅनोडर्मा वगैरे, म्हणजे आतलं जेवण कधीच सुरू झालंय, हे नुसतं फळ बाहेर आलंय. आणि गोव्यात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चारच महिन्यांत कोसळतो. माती पाण्याने तुडुंब भरली की कणाकणांतलं घर्षण कमी होतं, मुळांची पकड ढिली पडते, त्याच वेळी वर पानं भिजून जड, आणि मग एक साधी झोड येते. पेपरात बातमी येते, वाऱ्यामुळे झाड कोसळले. चर खणणाऱ्याचं नाव त्या बातमीत कधीच नसतं.

म्हणून आम्ही मेमध्ये झाड तपासतो ते आधी खाली बघून. बुंध्याभोवती मातीला चंद्रकोरीसारखी भेग पडलीय का, पेव्हर नुकतेच उचललेत का, तळाशी बुरशी आहे का. झाड तिरपं असणं हे एवढं वाईट नाही, जुनं तिरपं झाड वरच्या अंगाला सरळ वळलेलं असेल तर त्याने तेवढ्या वर्षांत स्वतःला सावरून घेतलेलं असतं. काल सरळ होतं आणि आज तिरपं आहे, तर मात्र रस्ता बंद करायचा, चर्चा नंतर. मग लाकडी हातोडा घेऊन बुंधा ठोकत फिरायचं, भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लागलेला असतो. पोकळ झाड म्हणजे धोकादायक हाही एक गैरसमज. पोकळ पाइप पण भार घेतोच की, प्रश्न भिंत किती जाड राहिली याचा. क्लाउस मॅथेक या जर्मन संशोधकाने मोडलेली आणि उभी राहिलेली झाडं मोजून एक ठोकताळा दिला, की चांगल्या लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी झाली तर काळजी करा. या आकड्यावर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि आम्हीही तो डोळे झाकून धरत नाही, पण ढोली दिसली की लगेच करवत काढायची नाही एवढं तरी त्यातून कळतं. ढोलीत पोपट आणि पिंगळे राहतात ते वेगळंच.

कांपालचे मोठे रेन ट्री बघितलेत ना, तिथे हे सगळं एका जागी दिसतं. हे झाड मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. उंचीपेक्षा पसारा मोठा, फांद्या आडव्या लांबलचक, त्यांच्यावर पावसाळ्यात नेचे आणि आमरी (ऑर्किड) वाढतात त्यांचंही वजन. संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की पानं मिटतात. पानाच्या देठाशी एक छोटा फुगीर सांधा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्याच्यामागे पाणी जातं, ती बाजू ढिली पडते आणि पान मिटतं. अमेरिकेत रूथ सॅटर या शास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात याच झाडावर त्याचा बारीक अभ्यास केला होता. झाडाखाली कधी कधी बारीक तुषार पडतात ते मात्र पाऊस नव्हे, रस शोषणाऱ्या किड्यांची ती कृपा असते, खाली लावलेल्या गाडीची काच चिकट होते ती त्याचमुळे. अशा झाडाला टक्कल करणं म्हणजे गुन्हाच वाटतो मला. लांब फांदीचं टोक थोडं आत घ्यायचं, मेलेलं लाकूड काढायचं, बस. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला झुपके ठेवायचे हा प्रकार तर सगळ्यात वाईट, सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी हिसक्याने मोडते.

माडाचं सगळंच निराळं. २०१६ मध्ये गोव्यात वृक्ष संरक्षण कायद्यातून माड वगळला होता, केवढा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी तो परत आत घेतला. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने माड इतर झाडांसारखा नाहीच, पण त्याचा अर्थ मला तरी उलटा लागतो, त्याला जास्त जपायला हवं. आंब्याच्या सालीखाली कॅम्बियमचा पातळ थर असतो, तो दरवर्षी नवीन लाकूड घालतो आणि जखम हळूहळू झाकून टाकतो. माडाला तो थरच नाही. चढायला घातलेली खाच, जाहिरातीचा खिळा, ट्रकची धडक, जे झालं ते कायमचं. वाढणारा कोंबही एकच, तो गेला की माड गेला. त्या कोंबावर गेंड्या भुंगा टपलेला असतो, नवीन झावळी उलगडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात ती त्याची सही, आणि त्याने पाडलेल्या भोकांतून मग सोंड्या भुंगा आत जातो. या गेंड्याच्या अळ्या वाढतात कुठे तर शेणखतात आणि कुजणाऱ्या पाल्यात. म्हणजे बागेतला पाला न जाळता आम्ही शहाण्यासारखा खतासाठी ढीग करतो, तोच त्यांचा पाळणा! ढीग उलथापालथा करत राहायचा, पांढऱ्या जाड अळ्या वेचायच्या, मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळाली तर ढिगात घालायची, ती अळीला पोखरून मारते. रस्त्यावरच्या माडांचे नारळ वेळेत उतरवायचे तर पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, मिळायला हवा, तो मिळवणं हे बुरशी मिळवण्यापेक्षा कठीण झालंय.

नवीन झाडांबद्दल थोडंसं. किनाऱ्याजवळ खारा वारा असतो तिथे उंडी चांगली टिकते, अरुंद रस्त्याला ओवळ, म्हणजे बकुळ, हळू वाढते पण त्रास देत नाही. रोप आणताना पिशवी फाडून मुळं बघायचीच, पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं तशीच लावली तर पुढे जाड होऊन तीच बुंध्याला फास लावतात. जूनमध्ये लावतो आपण सगळेच, फोटोही होतात, खरी परीक्षा जानेवारी ते मे, तेव्हा टँकर कोणाकडे जातो त्यावर रोप जगतं. आणि आधाराचा बांबू सैल बांधायचा. १९७३ साली मार्क जाफ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं की नुसतं रोज हाताने चोळलं तरी रोपं उंची कमी करून जाड होतात, वाऱ्याने हलण्याचंही तसंच, हलू दिलं तरच बुंधा भरतो आणि मुळं धरतात. घट्ट बांधलेलं रोप उंच होतं, बांबू काढला की वाकतं. आमच्याकडे एक वेगळी अडचण आहे, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की बांबू गायब व्हायला लागतात, कोणाच्या तरी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या चौकटीला, लागतात बहुतेक. पहिल्याच वर्षी गेला तर वाईट वाटतं आणि दुसरा ठोकावा लागतो. दुसऱ्या वर्षीच्या चवथीला गेला तर आम्ही कोणाला काही विचारत नाही, तोवर तो तसाही काढायचाच असतो.