स्वप्नाआधीचा चेक

‘माझं एक स्वप्न आहे’ म्हणणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) या अमेरिकी कृष्णवर्णीय नेत्याला फक्त काळ्या-गोऱ्यांचा सलोखा हवा होता, पैशाअडक्याच्या प्रश्नांशी त्यांना देणंघेणं नव्हतं, असा मजकूर अधूनमधून फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. भाषणाचा शेवटच तेवढा ऐकवला जातो. मीही वर्षानुवर्षं तेवढाच ऐकला होता.

तेच भाषण सुरुवातीपासून वाचा. स्वप्नाच्या बरंच आधी चेक येतो: अमेरिकेने कृष्णवर्णीयांना दिलेला, ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा घेऊन परत आलेला. आता २८ ऑगस्ट १९६३ च्या त्या मोर्चाचं पूर्ण नाव पाहा, ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी वॉशिंग्टन मोर्चा’. नोकऱ्या आधी! मागण्यांत ताशी २ डॉलर किमान वेतन होतं. कायद्याने तेव्हा १.१५ डॉलर ठरलेले होते. शंका असेल तर जुन्या छायाचित्रांतले फलक मोठे करून वाचा.

१९६७ च्या पुस्तकात त्यांनी हमीच्या उत्पन्नाची मागणी मांडली. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. तिथे ते गेले होते संपावरच्या सफाई कामगारांसाठी, आणि राजधानीवर गरिबांचा मोर्चा नेण्याची तयारी चालू होती.